आंबेनळीचा चढ, पिस्टनचा माथा

पोलादपूरच्या एका गॅरेजात गोणपाटावर चार पिस्टन ओळीने मांडून ठेवले होते. रॉकेलने धुतलेले, तरी माथ्यावरचा काळेपणा पुरता न गेलेला. मिस्त्रींनी तिसरा उचलला, उजेडाकडे धरला आणि माथ्यावरच्या वाटीच्या काठावरून नख फिरवलं. नख अडकलं. तिथे केसाएवढी भेग होती. वाटीच्या बरोबर समोरच्या काठावर तशीच आणखी एक.

टेम्पोचा मालक शेजारीच उभा होता. आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे बर्फातली मासळी चढवायची आणि येताना भाजी आणायची, हा त्याचा धंदा. तो म्हणाला, "चाचा, या वेळी भारीतले टाका. फोर्ज्ड मिळतात म्हणे. आणि डिझेलचा पंप पण जरा वाढवू, घाटात दम काढते गाडी."

चाचांनी पिस्टन खाली ठेवला. "आधी हा का फाटला ते कळू दे. मग नवा कुठला ते बोलू."

इंजिन नव्याने बांधताना पिस्टन कसा निवडावा, हे त्या दोन वाक्यांत जवळजवळ सगळं आलं. पण त्यामागचं शास्त्र वाहनमालकांपर्यंत क्वचितच पोचतं. महाड-पोलादपूरच्या माणसाला ते कळणं फार गरजेचं आहे, कारण इथल्या इंजिनाला सपाट रस्ता थोडाच मिळतो. कशेडीच्या पोटातून आता बोगदा झाला असला, तरी महाबळेश्वरला जायला आंबेनळी आणि भोरला जायला वरंध हे घाट तसेच उभे आहेत.

पिस्टनवर नेमकं काय गुदरतं ते आधी पाहू. हिशोबासाठी टाटाचं ४९७ इंजिन घेऊ, कारण त्याच्या नावातच माप आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ९७ मिलिमीटर. स्ट्रोक १२८ मिलिमीटर, म्हणजे सगळे मिळून ३,७८३ सीसी. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा दाबून दाबूनच इतकी तापवायची, की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं. रुडॉल्फ डीझेलने १८९७ मध्ये ऑग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचं मर्म हेच होतं. पेटल्यानंतर टर्बो नसलेल्या इंजिनात दाब ८० बारच्या आसपास जातो, टर्बो असलेल्यात १३० बार किंवा त्याहून वर. ९७ मिलिमीटरच्या माथ्यावर ८० बार म्हणजे सहा टन वजन. १३० बार म्हणजे जवळजवळ दहा टन. भरलेला टेम्पो एका पिस्टनवर उभा करावा इतका भार, आणि तो मिनिटाला २,४०० फेऱ्यांना सेकंदात वीस वेळा.

एवढं असूनही चांगला पिस्टन सहसा या भाराने मोडत नाही. तो हरतो तो उष्णतेपुढे, आणि घाटाचा सगळा प्रश्न तिथेच आहे.

पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण चाळीस किलोमीटर, आणि चढ सव्वा हजार मीटरच्या घरात. साडेसात टनांची भरलेली गाडी १,२०० मीटर वर न्यायची, तर केवळ उचलण्याच्या कामाला ८८ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असतात, पण इंजिन त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याचंच काम करतं. म्हणजे रस्त्याचं घर्षण, वारा, वळणावळणावरचे ब्रेक हे काही न धरता सात लिटरच्या वर डिझेल नुसतं वजन उचलायला जळतं, आणि त्यातली दोन तृतीयांश उष्णता इंजिनाला कुठेतरी टाकावी लागते. बरीचशी सायलेन्सरमधून जाते, बरीचशी रेडिएटरमधून. या दुसऱ्या वाटेवर पिस्टन मधोमध उभा आहे. माथ्याला लागलेली आग रिंगांतून लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याला), लायनरमधून पाण्याला, आणि खालून उडणाऱ्या ऑइलला द्यायची. सपाटीवर हे काही मिनिटं चालतं, मग चालक पाय सैल सोडतो, इंजिन श्वास घेतं. आंबेनळीत तो पाय दीड तास सैल होत नाही.

येताना उलटा प्रकार. उतारावर गव्हर्नर डिझेल तोडतो, सिलिंडरमध्ये नुसती थंड हवा येते-जाते. मघाशी तीनशे अंशांच्या पुढे तापलेला वाटीचा काठ झपाट्याने निवतो. धातू तापला की फुगतो, निवला की आकसतो. वाटीचा काठ हा पिस्टनचा सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जास्त तापणारा भाग, त्यामुळे त्याला हा फुगण्या-आकसण्याचा मार सगळ्यांत जास्त बसतो. त्यातच पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनच्या रेषेत माथा दोन्हीकडे वाकू पाहतो, म्हणून भेग बहुधा त्याच रेषेत पडते. चाचांच्या नखाला लागलेल्या दोन्ही भेगा पिनच्या रेषेतच होत्या. गाडी नवी असताना कोणीतरी पंप वाढवून दिला होता, हेही मग बोलण्याबोलण्यात निघालं.

जुना पिस्टन असा बोलतो. तो भंगारात टाकण्याआधी वाचायला हवा, कारण बिघाडाचं मूळ तसंच राहिलं तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो. माथ्यावर फवाऱ्याच्या रेषेत खड्डे पडून धातू वितळलेला दिसला, तर दोष नोझलचा असतो. नोझल ठिबकत असेल तर जगातला सर्वांत महाग पिस्टनही तिथेच वितळेल. स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेरावर, पिनच्या दोन्ही बाजूंना मिळून चार कोपऱ्यांवर घासल्याचे पट्टे असतील, तर इंजिन तापलेलं आहे. रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट बघावा. घासण्याची खूण एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली अशी तिरकी असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे. आणि स्कर्ट सगळीकडून राखाडी, मंद झाला असेल, त्यावर उभ्या बारीक रेघा असतील, वरच्या रिंगची खाच रुंदावली असेल, तर ती धूळ आहे.

धुळीबद्दल इथे थोडं जास्त लिहायला हवं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण एका तपाहून अधिक काळ चाललं. जांभ्याची तांबडी धूळ आणि क्रशरची काळी भुकटी इथल्या गाड्यांनी वर्षानुवर्षं खाल्ली. एअर फिल्टर बदलला तरी फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाइप कोणी बघत नाही. त्याच्या घडीतली एक चीर, एक सैल क्लिप पुरे. आत गेलेली धूळ ऑइलमध्ये मिसळते आणि रिंग-लायनरमध्ये पॉलिश पेपरचं काम करते. इंजिन बांधून घेताना तो पाइप नवा टाकावा. किमतीने तो अख्ख्या कामात नगण्य असतो, आणि त्याच्यावाचून बाकी सगळं काम फुकट जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता मालकाच्या प्रश्नाकडे येऊ: फोर्ज्ड टाकावेत का?

शब्दाला मोठं वजन आहे. फोर्ज्ड म्हणजे तापवून, प्रचंड दाबाने ठोकून घडवलेला. त्याचा कण घट्ट असतो, झटक्याला तो कास्ट, म्हणजे ओतीव, पिस्टनपेक्षा चिवट. शर्यतीच्या गाडीत, जिथे इंजिन थोडा वेळ पण जिवाच्या आकांताने पळतं, तिथे त्याला तोड नाही. पण त्यासाठी सहसा वापरतात त्या मिश्रधातूत सिलिकॉन अगदी थोडं असतं, म्हणून तो जास्त फुगतो. जास्त फुगणार म्हणून लायनरमध्ये त्याला जास्त ढिला बसवावा लागतो. मग थंड इंजिनात तो खडखडतो, आणि ऑइलही जास्त खातो.

साध्या डिझेल पिस्टनमधल्या ॲल्युमिनियममध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, वर तांबं, निकेल, मॅग्नेशियम साधारण एकेक टक्का. सिलिकॉनने फुगणं कमी होतं, झीजही कमी होते. आणि ओतीव पिस्टनमध्ये दोन गोष्टी करता येतात, ज्या ठोकून घडवलेल्यात अवघड असतात. घाटातल्या गाडीसाठी पिस्टनच्या पुड्यावर चकचकीत अक्षरात काय लिहिलंय याच्यापेक्षा या दोन गोष्टी आहेत की नाहीत, ते विचारावं.

पहिली म्हणजे वरच्या रिंगच्या खाचेत ओतलेलं लोखंडी कडं. डिझेलची वरची रिंग आगीच्या अगदी जवळ असते. तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं, रिंग सेकंदाला कितीतरी वेळा खाचेत वरखाली आदळते, आणि खाच रुंद होत जाते. मग कॉम्प्रेशन खाली गळतं, ब्रीदरमधून धूर येतो, ऑइल काळं पडतं. म्हणून त्या खाचेच्या जागी निकेल घातलेल्या खास बिडाचं कडं पिस्टन ओततानाच ॲल्युमिनियमशी सांधतात. हे बीड निवडण्याचं कारण असं, की साध्या बिडापेक्षा ते खूप जास्त, जवळजवळ ॲल्युमिनियमइतकंच फुगतं. दोघं बरोबर फुगतात, बरोबर आकसतात, त्यामुळे सांधा सुटत नाही. पिस्टन हातात घेऊन वरच्या खाचेत बारकाईने पाहिलं, तर धातूच्या रंगातला फरक दिसतो. ज्याला तो दिसला त्याला पुढे पुडा वाचावा लागत नाही.

दुसरी गोष्ट माथ्याच्या आतून, रिंगांच्या मागून गोल फिरणारी पोकळी, म्हणजे ऑइलची गॅलरी. ती घडवण्याची युक्ती मला फार सुंदर वाटते. पिस्टन ओतताना साच्यात मिठाचं कडं ठेवतात. भोवती ॲल्युमिनियम थिजलं की पाण्याने मीठ विरघळवून टाकतात, आणि उरतो तो बोगदा. खालून ब्लॉकला बसवलेली बारीक नळी त्याच्या तोंडात ऑइलची धार सोडते. पिस्टन वरखाली होताना ते ऑइल आत हिंदकळतं आणि उष्णता घेऊन दुसऱ्या तोंडाने खाली पडतं. वाटीचा काठ आणि वरची खाच, दोन्ही थंड राहतात. पण गॅलरीचा पिस्टन घ्यायचा तर ब्लॉकमध्ये ती नळी हवी, ऑइल पंपात तेवढा जोर हवा. नळी नसलेल्या जुन्या इंजिनात असा पिस्टन म्हणजे तोटी नसलेली टाकी. आणि नळी असलेल्या इंजिनात ती जराशी वाकली, धार तोंड चुकली, तर पिस्टन काही फेऱ्यांतच हरतो. बांधणी करताना प्रत्येक नळीचा नेम बघितलाच पाहिजे.

याच्याही पुढे पोलादी पिस्टन आहेत. आजच्या मोठ्या ट्रकांच्या इंजिनांत दाब २०० बारच्या आसपास जातो, तिथे ॲल्युमिनियमची ताकद संपते. पोलाद जवळपास लायनरइतकंच फुगतं, त्यामुळे फट कमी ठेवता येते. पण ती इंजिनं पोलाद धरूनच आखलेली असतात. वजन, रॉड, बॅलन्स सगळं त्या हिशोबाने असतं. जुन्या इंजिनात पोलाद घालण्याचा नाद करू नये.

आता मापं. इथे थाउची भाषा चालते, एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. लायनर बदलता येणारा असेल तर पिस्टन, लायनर, रिंग, पिन असा एकाच मेळातला संच घ्यावा. घाट ओलांडला की साताऱ्याच्या कूपरचे लायनर, चेन्नईच्या इंडिया पिस्टन्सचे किंवा गाझियाबादच्या श्रीराम पिस्टन्सचे पिस्टन, अशी नावं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. चांगल्या मालाची नक्कलही बाजारात येते, म्हणून पिस्टनच्या आतल्या बाजूला ओतलेला नंबर आणि पुड्यावरचा नंबर ताडून पाहावा, आणि चारही पिस्टन तराजूत घालावेत. त्यांच्या वजनात काही ग्रॅमपलीकडे फरक नसावा. ब्लॉकलाच बोअर असेल तर तो वाढवून दहा, वीस थाउ मोठा पिस्टन बसवतात. तेव्हा आधी पिस्टन हातात घ्यावा, मापावा आणि मग त्या मापाने ब्लॉक बोरिंगला द्यावा. उलटं करणारे पुष्कळ आहेत.

पिस्टन मापायचा कुठे, यातही मेख आहे. तो गोल दिसतो, पण गोल नसतो. पिनच्या दिशेने अरुंद, तिच्या काटकोनात रुंद. वर निमुळता, खाली फुगीर. तापल्यावर कुठला भाग किती फुगेल याचा हिशोब करून त्याला थंडपणी मुद्दाम वेडावाकडा केलेला असतो, म्हणजे तापल्यावर तो सरळ होईल. ९७ मिलिमीटरचा स्कर्ट खोलीच्या उन्हाळी तपमानापासून १५० अंशांवर गेला, तर व्यासात मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास वाढतो. बिडाचा लायनर त्याच्या निम्माही वाढत नाही. या फरकासाठीच फट ठेवायची. शंभर मिलिमीटरच्या जवळच्या बोअरला ती सहसा चार ते सहा थाउ असते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो, आणि तो पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या ठरलेल्या उंचीवर मापलेला असतो.

पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतचं अंतर तितकंच महत्त्वाचं. ते एक मिलिमीटरने जास्त निघालं तर माथा हेडवर किंवा व्हॉल्व्हवर आदळेल, आणि कमी निघालं तर कॉम्प्रेशन पडेल. बांधताना माथ्यावर शिशाची तार ठेवून हेड आवळायचं, इंजिन हाताने एकदा फिरवायचं आणि चेपलेल्या तारेची जाडी मापायची, ही जुनी रीत अजूनही सगळ्यांत खात्रीची आहे.

वाटीचा आकार हा मात्र निव्वळ मापाचा विषय नाही. हवा वाटीत कशी घुमते आणि नोझलची धार कुठे पडते, यांची जोडी कारखान्यात जुळवलेली असते. दुसऱ्या मॉडेलचा, खोल वाटीचा पिस्टन घालून कॉम्प्रेशन उतरवलं, की जास्त टर्बोदाब झेपतो, हे खरं. पण महाबळेश्वरला हवाच खालच्यापेक्षा सुमारे पंधरा टक्के विरळ. थंडीतल्या पहाटे तिथे कमी कॉम्प्रेशनचं इंजिन पांढरा धूर ओकत राहतं आणि पेटत नाही. ज्याला रोज वर मुक्काम करायचा आहे त्याने हा मोह टाळावा.

पंप वाढवायचं म्हणाल, तर विरळ हवेत जास्त डिझेल म्हणजे काळा धूर आणि पेटता माथा, दुसरं काही नाही. टर्बोच्या आधी, इंजिनातून बाहेर पडणारा वायू सातशे अंशांच्या वर सतत राहिला, तर ॲल्युमिनियमचा कुठलाच पिस्टन फार दिवस साथ देत नाही. ५७७ अंशांना त्या मिश्रधातूचं वितळणं सुरू होतं, आणि त्याच्या बरंच आधी, तीनशेच्या पुढेच, त्याची ताकद झपाट्याने उतरते. शिवाय इंजिनात असे फेरफार करण्याला मोटर वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची बंधनं आहेत.

महाडपुरती एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात भरलं, तेव्हा दारातल्या शेकडो गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी धीर न धरता चावी फिरवली. पाणी दाबलं जात नाही. ४९७ च्या एका सिलिंडरचे ९४६ सीसी. कॉम्प्रेशन १७ धरलं तर पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा ६० सीसीसुद्धा भरत नाही. कटिंग चहाचा ग्लास यापेक्षा मोठा असतो. तेवढं पाणी आत असताना स्टार्टर मारला की रॉड वाकतो, कधी दिसेल इतका, कधी न दिसण्याइतका. अशी इंजिनं पुढे नव्या पिस्टनांनी बांधली गेली आणि वर्षाभरात पुन्हा उघडावी लागली, कारण रॉड कोणी तपासलाच नाही. बुडालेल्या गाडीच्या नोझल काढाव्यात, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावं. हेड उघडलंच तर चारही पिस्टन वरच्या टोकाला आणून खोली मापावी. एक जरी बाकीच्यांपेक्षा खाली थांबला, तर त्याचा रॉड आखूड झालेला आहे, म्हणजे वाकलेला आहे.

त्या दिवशी चाचांनी निवड केली ती अशी: कंपनीच्याच मापाचे ओतीव पिस्टन, वरच्या खाचेत लोखंडी कडं असलेले, लायनरसकट. नोझल तपासायला पाठवल्या, पंप कारखान्याच्या मूळ आकड्यावर परत आणला. रेडिएटर साफ करायला वेगळा दिला. मालकाचं तोंड जरा उतरलं.

नवा लायनर आला तेव्हा मी पुन्हा गेलो होतो. आत होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा चमकत होत्या, ज्यांत ऑइल धरून राहतं. चाचांनी एक रिंग लायनरमध्ये घातली, उलट्या पिस्टनने ती सरळ आत ढकलली आणि तिच्या तोंडातल्या फटीत फिलर गेजच्या पात्या एकेक करून घालून पाहिल्या. शंभर मिलिमीटरला तीन-चार दशांश मिलिमीटर, असा त्यांचा अंदाज. एक पाती सहज गेली, पुढची अडली. फट कमी असती तर तापल्यावर रिंगची टोकं भिडून लायनर ओरबाडला असता. चारही सिलिंडरच्या सगळ्या रिंगांना त्यांनी तेच केलं, एकही सोडली नाही. नंतर रिंगांवरचा वरच्या बाजूचा ठसा वर ठेवून, तोंडं एकमेकींपासून फिरवून, ऑइलात भिजवून पिस्टन आत सरकवले.

इंजिन पेटल्यावर मालक लगेच भाडं घ्यायला निघाला. चाचांनी त्याला थांबवलं. "नुसती उभी ठेवून रेस करू नको, रिंग बसणार नाहीत, लायनर काचेसारखा होईल. आज रिकामी माणगावपर्यंत नेऊन आण. उद्यापासून अर्धा माल भर, आंबेनळीत एक गिअर खाली ठेव, तापमानाच्या काट्यावर डोळा असू दे. हजार किलोमीटरला ऑइल बदलायला ये, तोवर पुरा माल भरायचा नाही."

"आणि वर दम काढलाच तर?"

"तर वळणावर थांबव, इंजिन चालू ठेव, पाच मिनिटं निवू दे. चढ काही पळून जात नाही."